कार्बन नॅनोट्यूब बाजूनं दाबली तर चपटी कधी होते?

विष्णुपुरीचा_विद्यार्थी (नांदेड)

नमस्कार मंडळी. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात आहे. विषय आहे एकभिंती कार्बन नॅनोट्यूबवर दाबाचा परिणाम. पेपर वाचून वाचून डोकं भणभणायलंय, म्हणून इथं मराठीत विचारतोय.

जिथं बघावं तिथं लिहिलेलं असतं की नॅनोट्यूब पोलादापेक्षा कितीतरी मजबूत, यंगचा मापांक (ताणायला होणारा विरोध) १ टेरापास्कल. पोलादाचा २०० गिगापास्कल, म्हणजे पाचपट. इथपर्यंत ठीक. मग मी (१०,१०) ही नेहमीची नळी (आकडे थर कसा गुंडाळलाय ते सांगतात) घेतली, व्यास १.३६ नॅनोमीटर. भिंतीची जाडी ग्राफाइटच्या दोन थरांमधलं अंतर, म्हणजे ०.३४ नॅनोमीटर धरली. पातळ नळकांडं बाहेरच्या दाबानं कधी बसतं याचं पुस्तकातलं सूत्र लावलं. उत्तर सुमारे ३३ गिगापास्कल.

आणि प्रयोग काय सांगतात? १९९९ मध्ये वेंकटेश्वरन आणि सहकाऱ्यांना दीड गिगापास्कलच्या आसपास रामन वर्णपटातली (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशातून अणूंची कंपनं दाखवणारा वर्णपट) आरबीएमची, म्हणजे नळीच्या फुगण्या-आखडण्याच्या कंपनाची, रेष नाहीशी झालेली दिसली. २००० मध्ये पीटर्स आणि मंडळींनी १.७ गिगापास्कलला संरचना बदलते असं म्हटलं. माझ्या उत्तरात आणि त्यांच्या उत्तरात जवळजवळ वीसपट फरक. एवढी मजबूत म्हणतात ती वस्तू इतक्या लवकर कशी काय बसते?

---

खडकाळ (अंबड)

दीड गिगापास्कल "लवकर" का हो? म्हणजे किती ते माणसाच्या भाषेत सांगा आधी.

---

विष्णुपुरीचा_विद्यार्थी

१ गिगापास्कल म्हणजे जवळजवळ दहा हजार वातावरणं. पॅसिफिकमधली मेरियाना गर्ता सुमारे ११ किलोमीटर खोल, तिच्या तळाशी दाब ०.११ गिगापास्कलच्या आसपास. दीड म्हणजे त्याच्या तेरा-चौदापट. तुमचं खरं आहे दादा, लवकर नाही. पण ३३ च्या मानानं लवकरच की.

---

बीडचा_सिव्हिलवाला

भौतिकवाले येईपर्यंत मी थोडं बोलतो.

तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करायलास. १ टेरापास्कल हा मापांक नळी लांबीच्या दिशेनं ओढली तर किती ताणली जाते ते सांगतो. ओढून तुटायला किती जोर लागतो ते तिसरंच. २००० मध्ये बहुभिंती नळ्यांची सर्वांत बाहेरची भिंत ओढून तोडली होती, तेव्हा ११ ते ६३ गिगापास्कल असे आकडे आले. तू विचारतोस ते बकलिंग, म्हणजे माल न फुटता दाबानं आकारच बसणं. बकलिंगला माल किती मजबूत हे जवळपास कुणी विचारत नाही, आकार विचारतात. आमच्याकडं बारीक उंच कॉलम उभा केला तर काँक्रीट चिरडायच्या आधी तो बाजूला वाकतो. माल फुटलेला नसतो, तरी कॉलम गेलेला असतो.

लांब, पातळ नळीवर चहूबाजूंनी सारखा दाब आला तर ती कधी बसते याचं सूत्र १८८४ मध्ये मॉरिस लेव्ही या फ्रेंच गणितज्ञानं दिलं: दाब = ३ × भिंतीचा वाकवण्याचा कडकपणा ÷ त्रिज्येचा घन. तू हेच लावलंस ना?

---

विष्णुपुरीचा_विद्यार्थी

हो दादा, हेच. कडकपणा काढायला मापांक × जाडीचा घन ÷ १२(१ − न्यू वर्ग) घेतलं. न्यू म्हणजे पॉइसाँ गुणोत्तर.

---

मांजराकाठचा_बळी (लातूर)

मधीच घुसतो. टेरा-गिगाचं मला कळत नाही, पण बाजूच्या दाबानं बसणं काय आसतं ते मला बगा रोज बघायला मिळतंय.

हिरीवर मोनोब्लॉक आहे, सक्शनला काळा पाईप. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, फुटव्हॉलला शेवाळ न् गाळ बसतो, आन् मोटार ओढायला लागली की पाईप मधेच पोट पाठीला लागल्यावानी चपटा. फुटत नाही, चिरत नाही. मोटार बंद केली की पुन्हा गोल. त्योच पाईप डिलिव्हरीला लावला तर अडीच किलो दाब गुमान घेतो. दुकानदार म्हणतो पाईप भारीच आहे. मग सक्शनला कामून बसतो? हेच का तुमचं ते?

---

बीडचा_सिव्हिलवाला

बळी भाऊ, अगदी हेच. आणि तुमच्या पाईपचं गणित इथंच करून टाकतो, म्हणजे पोरालाही कळेल.

व्यास ७५ मिलिमीटर, भिंत २ मिलिमीटर धरा. एचडीपीईचा (त्या काळ्या प्लास्टिकचा) मापांक साधारण ०.८ गिगापास्कल. लेव्हीच्या सूत्रात टाकलं की बसायचा दाब येतो ०.३८ बारच्या आसपास. मोटार पाच मीटर खालून पाणी ओढते तेव्हा पाईपच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा अर्धा बार कमी होतो. म्हणजे बाहेरची हवाच त्याला दाबून टाकते. फुटव्हॉल चोंदला तर ओढ आणखी वाढते. वरून काळा पाईप, मे महिन्याच्या उन्हात तापून आणखी मऊ.

डिलिव्हरीला दाब आतून असतो. आतला दाब नळीला गोल ठेवायलाच बघतो, भिंत फक्त ताणली जाते, म्हणून तिथं मालाची ताकद कामाला येते. बाहेरून दाब आला की भिंत वाकते, आणि वाकण्याचा हिशोब जाडीच्या घनावर चालतो. भिंत दीडपट केली तर बसायचा दाब सव्वातीनपटीच्या वर जातो. सक्शनला तारेची स्प्रिंग घातलेला होज घ्या, दुकानदाराचं ऐकू नका.

---

मांजराकाठचा_बळी

स्प्रिंगवाला दीडपट भावाला आहे हो. पण कळलं.

---

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

उशिरा पाहिला धागा. निवृत्त आहे, भौतिकशास्त्र शिकवलं आयुष्यभर, त्यामुळे जरा लांबण लागेल.

बाळा, सूत्र बरोबर आहे. गडबड जाडीत आहे.

लोखंडाची किंवा प्लास्टिकची पट्टी वाकवली की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला आखडतो, मधे एक थर जसाच्या तसा राहतो. वाकवायला विरोध होतो तो या ताण-आखडण्यामुळे. जाडीचा घन येतो तो इथूनच. आता नॅनोट्यूबची भिंत म्हणजे काय? कार्बन अणूंचा एकच थर. त्याला बाहेरचा पृष्ठभाग आणि आतला पृष्ठभाग असं काही नाहीच! अणू एका पातळीत आहेत, त्यांच्यातले १.४२ अँगस्ट्रॉमचे बंध त्या पातळीतच आहेत. असा थर वाकवला तर बंधांची लांबी जवळपास बदलत नाही. बदलतो तो बंधांमधला कोन, आणि थराच्या वर-खाली उभ्या असलेल्या पाय (π) कक्षकांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ढगांचा, शेजाऱ्यांशी असलेला कल. त्याला लागणारी ऊर्जा फार थोडी.

म्हणून ०.३४ हा आकडा इथं लागू नाही. ते दोन थरांमधलं अंतर आहे, भिंतीची यांत्रिक जाडी नव्हे. तुझ्या पद्धतीनं वाकवण्याचा कडकपणा सुमारे २१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या मापाचं ऊर्जेचं एकक) येतो. ग्राफीनच्या एका थराचा खरा कडकपणा दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे. चौदापट फरक इथेच निघाला.

१९९६ मध्ये याकोब्सन, ब्राबेक आणि बर्नहोल्क यांनी नळ्या कशा बकल होतात याचं संगणकी अनुकरण केलं. तेव्हा त्यांना हीच अडचण आली. ताणण्याचा आणि वाकवण्याचा, दोन्ही कडकपणे एकाच सलग पत्र्यानं दाखवायचे तर पत्रा ०.०६६ नॅनोमीटर जाड आणि त्याचा मापांक ५.५ टेरापास्कल धरावा लागला. जाडी अणूपेक्षा कमी! ऐकायला विचित्र वाटतं, पण मापांक गुणिले जाडी करून बघ: त्यांचे ३६३ न्यूटन प्रति मीटर, तुझे ३४०. म्हणजे ओढण्याच्या बाबतीत दोघांचं उत्तर जवळपास एकच. वाकवण्याच्या बाबतीत मात्र जमीन-अस्मान. "मापांक १ टेरापास्कल" असं कुठंही लिहिलेलं दिसलं की त्याच्या पोटात "जाडी ०.३४ धरून" हे न बोललेलं असतं. विद्यार्थ्यांना हे कुणी सांगत नाही, याचा मला जुना राग आहे.

आता कडकपणा थेट १.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट घे, जाडी विसर, आणि लेव्हीचं सूत्र पुन्हा लाव.

---

विष्णुपुरीचा_विद्यार्थी

सर, लावलं. १.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे २.४ × १०⁻¹⁹ ज्यूल. त्रिज्या ०.६८ नॅनोमीटर. उत्तर २.३ गिगापास्कल! एका ओळीत प्रयोगाच्या जवळ आलं.

बाकीचे व्यासही काढले:
१ नॅनोमीटर: ५.८ गिगापास्कल
२ नॅनोमीटर: ०.७
३ नॅनोमीटर: ०.२
आणि ०.७ नॅनोमीटरला चक्क १७.

---

गोदाकाठ

शाबास. ०.७ च्या आकड्यावर मात्र फार भिस्त ठेवू नकोस. इतक्या बारीक नळीच्या परिघावर मोजकेच अणू असतात, तिथं "सलग पत्रा" ही कल्पनाच थकते. प्रत्यक्षात बारीक नळ्या या सूत्रापेक्षा कमी दाबाला बसतात. पण दीड-दोन नॅनोमीटरपर्यंत घनाचा नियम छान चालतो. २००४ मध्ये इलियट आणि सहकाऱ्यांनी अनुकरण आणि प्रयोग दोन्ही करून हेच दाखवलं: कोसळण्याचा दाब व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. त्यामुळं "नॅनोट्यूब किती दाब सोसते" असं विचारूच नये. व्यास किती ते आधी विचारावं.

---

खडकाळ

म्हणजे जितकी बारीक तितकी टणक. बरं. मग खूप जाड केली तर?

---

गोदाकाठ

मग दाब लागतच नाही. साधारण ५ नॅनोमीटरच्या पुढं एकभिंती नळीला गोल राहण्यापेक्षा चपटं पडून राहणं स्वस्त पडतं. समोरासमोरच्या भिंती ०.३४ नॅनोमीटरवर आल्या की व्हॅन डर वाल्स आकर्षणानं चिकटतात, आणि ती बचत कडांना वाकवायच्या खर्चापेक्षा जास्त भरते. १९९५ मध्ये बर्कलीच्या गटानं अशा आपोआप चपट्या झालेल्या नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या होत्या. त्याच्या थोड्या खालच्या व्यासांना दोन्ही अवस्था टिकतात. गोल आहे तर गोल, एकदा दाबून चपटी केली तर दाब काढला तरी चपटीच. बारीक नळी मात्र दाब सुटला की उसळून गोल होते.

---

हिरा_माणिक (मूळ परभणी, सध्या बंगळूरू)

सर, नमस्कार. दोन दिवस वाचत होते, आता राहवलं नाही. मी डायमंड अॅन्व्हिल सेलवर काम करते, त्यामुळं प्रयोगाच्या बाजूनं लिहिते.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी: दोन हिरे, टोकं घासून सपाट केलेली, समोरासमोर. मधे पोलादाची पातळ चकती, तिला केसाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट भोक. भोकात नमुना, एखादं द्रव आणि माणकाचा बारीक कण. स्क्रू पिळले की हिरे जवळ येतात. यंत्र मुठीत मावतं. अमेरिकेच्या मानक संस्थेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस हे पहिल्यांदा बनलं. दाब मोजायला माणिक वापरायची युक्तीही तिथलीच, १९७२ ची. लेसर पडला की माणिक ६९४.२ नॅनोमीटरला लाल चमकतं. दर गिगापास्कलला ती रेष ०.३६५ नॅनोमीटर सरकते.

आता आरबीएमबद्दल. पूर्ण नळी श्वास घेतल्यासारखी फुगते-आखडते, त्या कंपनाची ही रेष. तिची जागा व्यासावर ठरते: साधारण २४८ भागिले व्यास. (१०,१०) साठी १८२ सेमी⁻¹. दाब वाढवला की दर गिगापास्कलला ती ७ ते १० सेमी⁻¹ वर सरकते. मग मंद होते आणि जाते. छेद लंबगोल झाला की हे कंपन तसं राहतच नाही, हे एक कारण. पण भाऊ, रेष गेली म्हणजे नळी बसली असं लगेच लिहू नकोस. आरबीएम दिसतो तो लेसरची ऊर्जा नळीच्या इलेक्ट्रॉन पातळ्यांशी जुळते म्हणून. दाबानं त्या पातळ्याच सरकतात. मग नळी ठणठणीत गोल असूनही रेष गायब होऊ शकते. म्हणून दोन वेगळ्या रंगांचे लेसर वापर, आणि जी-पट्ट्यावर (भिंतीतल्या बंधांच्या कंपनाची रेष), १५९० सेमी⁻¹ च्या जवळ, लक्ष ठेव. दाबासोबत जी-पट्टा ज्या चढानं वर जातो तो चढ नळी बसताना बदलतो, काही वेळ जवळपास सपाट होतो. तो पुरावा जास्त भरवशाचा.

---

विष्णुपुरीचा_विद्यार्थी

ताई, खूप आभार. एक गोष्ट खटकते. २००० मध्ये टँग आणि मंडळींनी एक्स-किरणांनी पाहिलं की ४-५ गिगापास्कलच्या पुढं नळ्यांच्या जुडग्याची जाळी उद्ध्वस्त होते, परत येत नाही. आणि २००१ मध्ये आपल्या बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) गटानं, त्यात सूद आणि राव पण आहेत, म्हटलं की त्रिकोणी जाळी १० गिगापास्कलपर्यंत टिकते, आणि १३ पर्यंत नेऊन दाब काढला तर परत येते. दोन्ही खरं कसं?

---

हिरा_माणिक

हा धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. २००० मध्येच तेरेदेसाई, सूद, राव वगैरेंनी रामननं २५.९ गिगापास्कलपर्यंत जाऊन दाखवलं होतं की दाब उतरवल्यावर वर्णपट परत येतो. म्हणजे भारतातल्या दोन्ही कामांचा कल "परत येते" याकडं.

फरक पडायची कारणं मला अशी दिसतात. पहिलं, व्यास. सरांनी सांगितलंच. दुसरं, नळ्यांची टोकं. साफ करताना आम्लात उकळल्या की टोपणं निघून जातात आणि टोकं उघडी पडतात. मग सेलमधलं द्रव आत शिरतं. मिथेनॉल-इथेनॉल ४:१ हे नेहमीचं मिश्रण, ते सुमारे १० गिगापास्कलपर्यंत द्रव राहतं. त्याचे रेणू छोटे, आत जातात, आणि आतून टेकू मिळतो. आर्गॉन वापरला तर तोही शिरतो. टोपण शाबूत असलेली रिकामी नळी आणि आत द्रव भरलेली नळी, दोघींचा बसायचा दाब सारखा येईल कसा? तिसरं, दाब खरंच सगळीकडून सारखा होता का. पॅराफिन तेल काही गिगापास्कलनंतर घट्ट होतं, मग एका दिशेनं जास्त रेटा बसतो आणि जाळी मोडते. चौथं, नमुन्यात नळ्या बनवताना वापरलेलं किती निकेल, किती कोबाल्ट, किती काजळी उरली होती.

शिवाय एक्स-किरणं जाळी बघतात, रामन नळी बघतो. नळ्या जुडग्यात षट्कोनी रचनेत असतात, तीच तुझी त्रिकोणी जाळी. दाबानं शेजारच्या नळ्या एकमेकींना रेटतात, गोल छेदाला सहा बाजू पडायला लागतात. जाळी शिस्तीत असते, पण नळी गोल राहिलेली नसते. दोन्ही पेपर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात असं म्हटलं तर वाद अर्धा मिटतो. उरलेला अर्धा नमुन्यांचा.

---

बीडचा_सिव्हिलवाला

मग दुभिंती नळी म्हणजे आतून स्लीव्ह घातलेला पाईप. आतली बारीक, तिचा बसायचा दाब जास्त, ती बाहेरचीला धरून ठेवते?

---

हिरा_माणिक

हो, आतली नळीच खरी तारणहार. फक्त तुमच्या पत्र्यासारखा जाडीचा घन तिथं लावू नका. दोन भिंती एकमेकींवरून घसरू शकतात, बोल्ट मारलेले नाहीत. त्यामुळं दोन भिंतींचा कडकपणा दुप्पट धरायचा, आठपट नाही.

---

खडकाळ

सगळं वाचलं. अभ्यास मोठा आहे यात वाद नाही. पण बसली काय न् नाही बसली काय, आपल्याला काय त्याचं? इथं पिकाला पाणी नाही.

---

मांजराकाठचा_बळी

ओ खडकाळ, पाण्याचं मी बघतो, तुम्ही पोराला शिकू द्या.

---

गोदाकाठ

प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. नॅनोट्यूब रेझिनमध्ये घालून हलके, मजबूत भाग करतात. ते भाग पक्के करताना ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भट्टीत) ६-७ बार दाब देतात. दीड नॅनोमीटरच्या नळीला बसायला त्याच्या हजारपटीहून जास्त लागतो. म्हणजे तिथं काळजी नाही. पण नळ्या ५-६ नॅनोमीटरच्या आणि एकभिंती असतील तर त्या कारखान्यात शिरायच्या आधीच चपट्या झालेल्या असतात, आणि चपटी फीत रेझिनला वेगळ्या तऱ्हेनं धरते. पाणी गाळायच्या पडद्यात नळीतून पाणी न्यायचं म्हणतात, तिथं तर पोकळी उघडी राहणं हाच सगळा मुद्दा. आणि छेद चपटा झाला की धातूसारखी वीज वाहणाऱ्या नळीत ऊर्जेची फट पडू शकते, असं गणितं सांगतात. म्हणजे दाब मोजायचा अतिसूक्ष्म कान त्यातून बनू शकतो. पिकाला पाणी यातून नाही, हे मान्य.

---

खडकाळ

चला, उत्तर मिळालं. आणि फारच दाबलं तर? हिऱ्यासारखं काही होतं का, की ती नुसती वदंता?

---

हिरा_माणिक

वदंता नाही. नळी चपटी होताना बंध तुटत नाहीत, म्हणून ती परत येते. वीस गिगापास्कलच्या पुढं गेलं की चपट्या भिंती इतक्या जवळ येतात, की एका भिंतीतला कार्बन समोरच्या भिंतीतल्या कार्बनशी बंध जोडतो. कार्बनचा शेजार तीनचा चार होतो, हिऱ्यात असतो तसा. तिथून परतीचा रस्ता बंद. २००४ मध्ये ७५ गिगापास्कलला नॅनोट्यूबपासून असाच एक अतिकठीण कार्बन झाला आणि दाब काढल्यावरही तसाच राहिला. तेही भट्टीत न तापवता, थंड दाबून. नळी "बसणं" आणि नळी "मरणं" यांच्यात एवढं अंतर आहे.

---

विष्णुपुरीचा_विद्यार्थी

सर, ताई, दादा, बळी काका, सगळ्यांचे आभार. माझा नमुना १.२ ते १.५ नॅनोमीटरचा आहे म्हणून विकत घेतलाय. रामन यंत्र आमच्याकडं नाही. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत वेळ मिळणार आहे, तोही उन्हाळ्यात. जायच्या आधी काय काळजी घेऊ? नमुन्याची केबीआर प्रेसमध्ये (पावडर दाबून गोळी करायचं यंत्र) गोळी करून तुकडा सेलमध्ये टाकायचा विचार आहे. सीनियर तसंच करतात.

---

बीडचा_सिव्हिलवाला

थांब. प्रेस किती टनाची आणि साचा किती मिलिमीटरचा?

---

विष्णुपुरीचा_विद्यार्थी

१० टन, १३ मिलिमीटर.

---

बीडचा_सिव्हिलवाला

१० टन म्हणजे ९८ किलोन्यूटन. १३ मिलिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ १३३ चौरस मिलिमीटर. भागाकार ०.७४ गिगापास्कल. तुझ्याच वरच्या यादीत २ नॅनोमीटरला ०.७ आहे! मोजायच्या आधीच नमुन्यातल्या जाड नळ्या चपट्या करून न्यायलास. वरून प्रेसचा दाब एका दिशेचा, चहूबाजूंचा नाही.

---

हिरा_माणिक

दादा, हे फार भारी पकडलंत. अहवालात "व्यास १.२ ते १.५" असला तरी प्रत्येक नमुन्यात थोड्या जाड नळ्या असतातच.

विद्यार्थी भाऊ, गोळी करू नकोस. सुटी पावडर सुईच्या टोकानं भोकात टाक, भोक अर्धंही भरलं नाही तरी चालेल. गच्च भरलं तर द्रवाला जागा राहत नाही आणि दाब सारखा बसत नाही.

माणकाबद्दल एक, उन्हाळा म्हणालास म्हणून. माणकाची रेष तापमानानंही सरकते, दर अंशाला सुमारे ०.००६८ नॅनोमीटर. सकाळी एसीत २६ अंशांना शून्य घेतलंस आणि दुपारी लाईट जाऊन खोली ४१ वर गेली, तर रेष ०.१ नॅनोमीटर सरकेल. ती तुला पाव गिगापास्कलहून जास्त दाब म्हणून दिसेल, स्क्रूला हात न लावता. तुझी सगळी गोष्ट दीड ते अडीच गिगापास्कलमध्ये घडणार आहे, तिथं पाव म्हणजे मोठा घोळ. दर वेळी खोलीचं तापमान वहीत लिही. लेसरही कमी ताकदीचा ठेव. काळा नमुना चटकन तापतो, आणि माणिक त्याला चिकटून असेल तर तेही.

पायऱ्या ४ गिगापास्कलपर्यंत ०.२ च्या ठेव, पुढं मोठ्या चालतील. प्रत्येक पायरीला दहा-पंधरा मिनिटं थांबून मग मोज. आणि दाब उतरवतानाही तितक्याच बारीक पायऱ्यांनी मोज. वेळ संपत आली की लोक स्क्रू सोडून मोकळे होतात. जाताना २.२ ला बसलेली नळी येताना १.४ ला उठली, तर तो फरक तुझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण आहे.

---

विष्णुपुरीचा_विद्यार्थी

ताई, द्रव कोणतं घेऊ? टोकं उघडी आहेत की बंद हे विकणाऱ्यानं लिहिलेलं नाही.

---

हिरा_माणिक

दोन्हींनी कर. एकदा मिथेनॉल-इथेनॉल, एकदा पॅराफिन तेल. ४ गिगापास्कलच्या आत असलास तर तेलाचं घट्ट होणं सांभाळून घेता येतं. तेलाचे रेणू लांब, ते आत सहजी जात नाहीत. अल्कोहोलमध्ये नळी उशिरा बसली आणि तेलात लवकर, तर टोकं उघडी. दोन्हींत सारखीच बसली तर बहुतेक बंद. विकणाऱ्याला विचारायची गरजच नाही.